मदत हवी आहे: शाळेत वेगळा होणारा कचरा घरी एकत्र का होतो?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात तिसरीला शिकवते. वर्गात हिरवा आणि निळा असे दोन डबे आहेत. जूनपासून मुलं इतकी तयार झालीत की परवा मी चिक्कीचा कागद चुकून हिरव्यात टाकला, तर तिघंजण एकदम ओरडले, "बाई, सुका!"

पण घरचं विचारलं की सगळे गप्प. एकीने सांगितलं, "आई एकाच पिशवीत टाकते, आजी म्हणते नाहीतरी गाडीत सगळं एकच होतं." आता यावर मी काय बोलणार? खोटंही नाही ते, आमच्या गल्लीत मी स्वतः पाहिलंय. सरकारी नियमांनुसार ओला आणि सुका कचरा घरीच वेगळा करायचा असतो. पण आठ वर्षांच्या पोराला नियम नाही, डोळ्यांपुढचं दिसतं.

त्यातल्या त्यात एक गोष्ट जमली. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, कारण तो तुकडा इतका बारका असतो की कचरावेचक ताई वेचूच शकत नाहीत. हे मात्र मुलांनी घरी आयांना करायला लावलं!

म्हणून प्रश्न असा: तुमच्याकडे मुलांची सवय कशाने टिकली? बक्षिसं देऊन बघितली, चार दिवसांत उत्साह संपला. पालकसभेत विषय काढू का? आजीआजोबांनाच वर्गात बोलवू? कोणी कचरावेचक ताईंना मुलांशी बोलायला बोलावलंय का? अनुभव असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.