रेसिडेन्सीत मूनलायटिंग करावं का?

नमस्कार मंडळी,
मी अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीच्या (डॉक्टर झाल्यावरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) दुसऱ्या वर्षाला आहे, जे-१ व्हिसावर (प्रशिक्षणापुरता मिळणारा व्हिसा). परवा एका सीनियरने विचारलं, शनिवारी रात्री एका छोट्या हॉस्पिटलला डॉक्टर हवाय, जाशील का? म्हणजे मूनलायटिंग, आपल्या प्रोग्रामच्या कामाशिवाय पैशासाठी केलेलं जादा काम. स्टेप ३ (इथल्या डॉक्टरी लायसन्सची शेवटची परीक्षा) गेल्याच महिन्यात पास झालो. शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत, त्यामुळे विचार डोक्यातून जात नाही. पूर्ण लायसन्ससाठी अर्ज करू का?

---

अरे, आधी अभिनंदन! ड्यूट्या सांभाळून स्टेप ३ देणं खायचं काम नाही.

पण हे काम घेऊ नकोस. जे-१ वर मूनलायटिंग चालतच नाही, प्रोग्राम डायरेक्टर हो म्हणाले तरी नाही. पुढे वेव्हर (जे-१ नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याच्या अटीतून सूट) काढायचा तर रेकॉर्ड स्वच्छ हवं. तुझा सीनियर बहुतेक ग्रीन कार्डवाला असेल, त्याचं गणित वेगळं. एच-१बी वाल्यालासुद्धा दुसरीकडे काम करायचं तर त्या हॉस्पिटलला वेगळी पिटिशन भरावी लागते.

लायसन्सचं म्हणशील, तर तुझं आत्ताचं ट्रेनिंग लायसन्स प्रोग्रामच्या कामापुरतंच आहे. अमेरिकेबाहेर शिकलेल्यांना बऱ्याच राज्यांत पूर्ण लायसन्ससाठी दोन किंवा तीन वर्षांची रेसिडेन्सी झालेली लागते. तुझ्या राज्याच्या मेडिकल बोर्डाच्या साइटवर बघ. कागद मात्र आत्तापासून गोळा कर. माझं कागदपत्रांचं पाकीट कॉलेजच्या एका शिक्क्यासाठी चार महिने अडकलं होतं, भावाने तीन खेपा घातल्या तेव्हा सुटलं. एफसीव्हीएसकडे (डॉक्टरांचे कागद तपासून जपून ठेवणारी सेवा) एकदा कागद तपासून झाले की ते कायम तिथे राहतात, पुढच्या राज्यात पुन्हा ही धावपळ नको.

---

ताई, माझंही विचारायचं होतं. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, रेसिडेन्सीचं तिसरं वर्ष, लायसन्सही आलंय. मी काय बघू?

---

प्रोग्राम डायरेक्टरची लेखी परवानगी घे. मूनलायटिंगचे तासही आठवड्याच्या ८० तासांतच धरतात, चार आठवड्यांची सरासरी काढून. म्हणून खरे तास लिही. (पहिल्या वर्षाला तर मूनलायटिंगची मुभाच नाही.) प्रोग्रामचा मालप्रॅक्टिस विमा (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीचा) बाहेरच्या कामाला सहसा लागू नसतो, तेव्हा विमा कोण देणार आणि काम सोडल्यावर टेल (नंतर येणाऱ्या दाव्यांसाठीचा वाढीव विमा) कोण भरणार, हे सही करण्याआधी विचार. १०९९ वर (म्हणजे पगारी नव्हे, कंत्राटी म्हणून) पैसे मिळाले तर टॅक्स कापलेला नसतो, तो बाजूला काढून ठेव.

आणि झोप. अशाच एका रात्रीनंतर घरी येताना सिग्नलला माझा डोळा लागला होता. मागच्या गाडीचा हॉर्न वाजला म्हणून जाग आली, पाय ब्रेकवर होता एवढंच नशीब. त्या महिन्याच्या उरलेल्या शिफ्ट मी रद्द केल्या.

---

ताई, सीनियरला आजच नाही म्हणून कळवलं. ट्रान्सक्रिप्टसाठी बाबा सोमवारी कॉलेजात जातायत. हप्त्यांचंही त्यांच्याशी बोललो, आधी बोलायला हवं होतं.