गावातला पब वाचवायचा की विकू द्यायचा?

यॉर्कशायरवासी
आमच्या गावातला पब मालकाने विकायला काढलाय. घेणाऱ्याला तिथे घरं बांधायची आहेत. पोस्ट ऑफिस आधीच गेलं. आता हेही गेलं तर माणसांनी भेटायचं कुठे?

मी फारसा पीत नाही. पण इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात माझ्याशी कोणी आपणहून बोललं असेल, तर ते तिथल्या शेकोटीपाशी. शेजारचे एक आजोबा रोज पाचला येतात, अर्धा पाइंट घेऊन दोन तास बसतात. त्यांच्या बाकाची कड हात ठेवून ठेवून गुळगुळीत झालीय. गेल्या वर्षी एक दिवस ते आले नाहीत, तर बारमागच्या बाईंनी लगेच माणूस धाडला. आजोबा जिन्याखाली पडलेले सापडले.

उत्तर इंग्लंडमधल्या कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावाचा 'ओल्ड क्राउन' हा पब २००३ साली गावकऱ्यांनी सहकारी संस्था काढून विकत घेतला, सहकारी मालकीचा ब्रिटनमधला तो पहिलाच मानतात. तसंच घरोघरी फिरून शेअर गोळा करणं आपल्याला काय नवीन आहे? मी साखर कारखान्याच्या पट्ट्यात वाढलोय.

हिशेबी
भावना कळतात, पण मालकाने तोटा किती वर्षं सोसायचा? सुपरमार्केटात बिअर स्वस्त मिळते, लोक घरी बसून पितात. पब बंद होणार म्हटलं की सगळे सह्या करतात. मंगळवारी रात्री कोण येतं ते सांगा.

आणि २०११च्या लोकॅलिझम कायद्याचा फार आधार धरू नका. पबची सामुदायिक मालमत्ता म्हणून नोंद झाली, तर गावाला पैसे उभे करायला सहा महिने मिळतात, एवढंच. पुढे मालक हवं त्याला विकू शकतो.

माहेर चंद्रपूर
पिण्याची जागा वाचवायला गाव एकवटतंय, हे माझ्या पचनी पडत नाही. आमच्याकडे २०१५ला दारूबंदी झाली, २०२१ला उठली. महाराष्ट्रात कितीतरी गावांत बायका 'आडव्या बाटली'ला मत द्यायला रांगेत उभ्या राहिल्यात, त्या काही हौसेने नाही. भेटायला जागा हवी ना? मग वाचनालय काढा, चहाचं दुकान काढा. ग्लासाशिवाय माणसं बोलत नाहीत का?

यॉर्कशायरवासी
ताई, तुमचं दुखणं खरं आहे, ते मी खोडणार नाही. इथेही दारूपायी घरं मोडतात. पण हा गुत्ता नाही हो. रविवारी दुपारी पोराबाळांसकट कुटुंबं जेवायला येतात, कुत्री टेबलाखाली झोपतात. माझी आई आली होती, लिंबाचं सरबत घेऊन आजोबांशेजारी बसली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी तासभर चाललं. आपल्याकडे पार असतो, तसं. फक्त इथल्या पावसात पारावर छप्पर लागतं.

हिशेबी, मंगळवारचा मुद्दा मान्य. म्हणूनच पबच्या एका कोपऱ्यात दुकान आणि पोस्टाचा काउंटर आणायचा विचार आहे. 'पब इज द हब' ही संस्था २००१पासून अशाच कामात मदत करते. आणि कायदा अगदीच दुबळा नाही. लंडनचा 'कार्लटन टॅव्हर्न' २०१५ साली विनापरवाना पाडला, तर पाडणाऱ्यांना तो होता तसा पुन्हा बांधावा लागला. २०२१ला उघडला.

हिशेबी
तो लंडनमध्ये होता. तुमच्या गावात गिऱ्हाईक किती?

यॉर्कशायरवासी
कमी आहे. गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये बैठक आहे, तिथे हाच हिशेब मांडायचाय. शेअर कितीही घ्या, प्रत्येकाला मत एकच. मी माझ्या दोन शेअरांचा अर्ज भरून ठेवलाय.

माहेर चंद्रपूर
पोस्टाचा काउंटर आधी आणा. मग बोलू.