पूल आधी, खाण मागून

तात्या (ए-३०४): सेक्रेटरी साहेब, गणपतीतल्या प्रश्नमंजुषेचा ७ नंबरचा प्रश्न परत तपासा. स्पेनमधल्या पॉनफेराडाचं नाव 'लोखंडाच्या खाणीवरून' पडलं असं धरून आमच्या नातीचे २ गुण कापलेत. रात्री जेवली न्हाई पोरगी.

सेक्रेटरी: तात्या, नमस्कार. परीक्षकांचा निर्णय अंतिम असं पत्रकात होतं. आणि गाव खाणींचंच आहे ना?

तात्या: हाय की. पण पूल आधी, खाण मागून. सांत्यागो ह्या स्पेनमधल्या ख्रिस्ती तीर्थाला चालत जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी १०८२ च्या सुमारास अस्तोर्गाच्या बिशप ओस्मुंदोनं सील नदीवर पूल करवला. त्याला लोखंडाची बळकटी दिली, म्हणून लॅटिनमध्ये 'पोन्स फेराता'. लोखंडी पूल.

दादा (सी-१०१): लोखंडावरनं आठवलं. पार्किंगचं गेट तीन दिवस कुरकुरतंय. तेल कोण घालणार?

वहिनी (बी-२०२): भाऊजी, गेट उघडलं तरी तुमच्या बुलेटमुळं गाडी आत येत नाही.

दादा: बुलेट पट्ट्याच्या आतच असते. फोटो टाकू?

अण्णा (ए-१०२): तात्या, जवळच रोमनांची लास मेदुलास खाण आहे. ती पुलाच्या हजार वर्षं आधीची. मग खाण आधी झाली की वो!

तात्या: अण्णा, ती सोन्याची. नाव लोखंडाचं. गावात कोळशाच्या खाणींची मोठी कंपनी निघाली १९१८ ला, तवर नावाला आठशे वर्षं झालती. पूल आधी, खाण मागून.

सेक्रेटरी: विषय संपवूया का?

वहिनी: थांबा. आमची थोरली गेल्या वर्षी ती सांत्यागोची वाट चालली. पॉनफेराडाच्या अलीकडच्या डोंगरावर उंच खांबावर लोखंडी क्रूस आहे, खाली दगडांचा ढीग. प्रत्येकजण घरून आणलेला खडा टाकतो. हिनं पंचगंगेच्या घाटावरचा नेला होता, रुमालात बांधून. तिथून उतरून पॉनफेराडा, मग सांत्यागो आणखी २०० किलोमीटर. तात्यांचं बरोबर आहे. नदी आडवी आली की चालणाऱ्याला पुलाचंच नाव तोंडात येतं.

अण्णा: हे पटलं. जोतिबाला चालत निघालो की आपणही 'शिवाजी पुलावर भेटू'च म्हणतो.

तात्या: पूल आधी, खाण मागून.

सेक्रेटरी: कळलं तात्या. २ गुण देतो.

दादा: मग पहिला नंबर बदलणार? बक्षिसाचा डबा आमच्या पोरानं शाळेत न्यायला सुरुवात केलीय.

तात्या: डबा राहू दे त्याच्याकडं. फळ्यावरचं उत्तर तेवढं पुसा, ती शाळेतनं यायच्या आत.