ज्यू मैत्रिणीच्या आजारी आईसाठी प्रार्थना करायचीय, त्यांच्यात कशी करतात?

चाफा२१:
माझी एक अगदी जवळची मैत्रीण ज्यू आहे. तिची आई बरेच दिवस हॉस्पिटलमधे आहे आणि डॉक्टरांच्या बोलण्यावरून फारशी आशा वाटत नाहीये. मैत्रिणीने मेसेज टाकला की आईसाठी प्रार्थना करा, सोबत आईचं नाव आणि तिच्या आईचं, म्हणजे आजीचं नाव. आडनाव नाही, वडिलांचं नाव नाही. मला मनापासून काहीतरी करायचंय पण नकळत चुकीचं काही करून तिला दुखवायचं नाहीये. मी ज्यू नाही, हिब्रू येत नाही, मग चालेल का? भेटायला गेले तर कधी जाऊ, काय बोलू? आणि खरं सांगते, त्यांचा त्रास बघून बरं वाटू दे म्हणू की सुटू दे म्हणू हेच कळत नाहीये.

रानवारा:
आधी नावाचं सांगतो. आजारी माणसासाठी प्रार्थना करताना त्यांच्यात आईचं नाव लावतात, म्हणजे 'सारा बत रिव्का', रिव्काची मुलगी सारा. मुलगा असेल तर 'बेन'. सिनेगॉगमधे, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळी, तोरा हा त्यांचा धर्मग्रंथ वाचतात तेव्हा, म्हणजे सोमवारी, गुरुवारी आणि शब्बाथला (शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी), 'मी शेबेराख' नावाची प्रार्थना होते त्यात ही नावं घेतात. आधी मनाला आराम मागतात, मग शरीराला, हा क्रम मला फार आवडतो. शब्बाथला रडून भेकून मागायचं नसतं म्हणून तिथे शब्द बदलतात, 'आज शब्बाथ आहे, आक्रोश करायचा नाही, पण बरं वाटणं जवळ आलंय' अशा अर्थाचं म्हणतात. शिवाय रोजच्या अमिदा प्रार्थनेत बरं करण्याची एक वेगळी मागणी असतेच, तिथेही आपल्या माणसाचं नाव घालता येतं. घरी बसून बायबलमधली स्तोत्रं वाचतात, २०, १२१, १३० ही नेहमीची. काही जण ११९वं घेतात, त्यात २२ हिब्रू अक्षरांना प्रत्येकी आठ ओळी आहेत, तर आजारी माणसाच्या नावातली अक्षरं जुळवून तेवढ्याच ओळी म्हणतात. तू यातलं एखादं स्तोत्र मराठी बायबलमधून वाचलंस तरी छान, पण मुळात तिने तुलाही मेसेज पाठवलाय ना, मग चालेल का हा प्रश्नच उरत नाही.

ओंजळ:
भाषेची काळजी अजिबात नको. तालमूदमधे, म्हणजे त्यांच्या धर्मचर्चांच्या जुन्या ग्रंथात, असं आहे की आजारी माणसाच्या उशाशी देव स्वतः असतो, म्हणून त्याच्याजवळ बसून कुठल्याही भाषेत मागितलं तरी चालतं. आणि समोर बसून करताना नावही घ्यावं लागत नाही, कारण बायबलमधल्या मोशेने (मोझेस) बहीण मिर्यामसाठी केलेली प्रार्थना फक्त पाच शब्दांची, 'एल ना रफा ना ला', देवा हिला बरं कर ना, बस. त्यात तिचं नाव नाहीच.

पण माझ्या मते भेटणं हे जास्त महत्त्वाचं. 'बिकुर खोलिम' म्हणतात त्याला, आजाऱ्याला भेटणं, आणि ते मोठं कर्तव्य मानतात. रब्बी म्हणजे धर्मगुरू, तर तालमूदमधेच रब्बी अकिवांची गोष्ट आहे, त्यांचा एक शिष्य आजारी पडला, कोणी फिरकेना, शेवटी हे स्वतः गेले, त्यांच्यामुळे खोली झाडली गेली, पाणी शिंपडलं गेलं, आणि तो बरा झाला. तर तू पण गेलीस की बघ, पाण्याची बाटली भरलेली आहे का, मैत्रीण जेवली का, तिला दोन तास झोपायला पाठवता येईल का. आणि तिथे असताना मनात का होईना प्रार्थना कर, कारण नुसतं भेटून प्रार्थना न करता परत आलं तर ते कर्तव्य पार पडलंच नाही असं १६व्या शतकातल्या रब्बी मोशे इस्सेर्लेसनी लिहिलंय. वेळेचं म्हणशील तर दिवसाचे पहिले तीन तास आणि शेवटचे तीन तास टाळायला सांगितलंय. सकाळी पेशंट जरा बरा वाटतो त्यामुळे प्रार्थना करावीशी वाटत नाही आणि संध्याकाळी इतका खराब वाटतो की आपणच आशा सोडतो. आता मात्र हॉस्पिटलच्या वेळा असतील त्याच पाळायच्या, त्यात काही वावगं नाही.

चाफा२१:
खूप आभार दोघांचे. शेवटच्या प्रश्नाचं कोणी सांगेल का?

सांजपक्षी:
मी प्रयत्न करते. तालमूदमधली गोष्ट आहे, रब्बी यहूदा हानासी, मिश्ना हा धर्मनियमांचा जुना ग्रंथ संकलित करणारे, मरणाच्या दारात होते तेव्हा शिष्य अखंड प्रार्थना करत होते आणि त्यामुळे त्यांचा प्राण जात नव्हता. त्यांच्या घरातली दासीही आधी तेच मागत होती, पण त्यांचं पोट बिघडलेलं, सारखं उठून जावं लागायचं, दर वेळी तेफिलिन (प्रार्थनेसाठी हाताला आणि कपाळाला बांधतात त्या चामडी डब्या) काढायचे परत घालायचे, ते हाल बघून तिने उलटं मागितलं. शिष्य थांबेनात तेव्हा तिने छपरावरून मडकं खाली टाकलं, आवाजाने क्षणभर प्रार्थना थांबली आणि ते गेले. तालमूद तिला दोष देत नाही. यावरूनच १४व्या शतकातल्या रब्बेनू निसिमनी लिहिलं की कधीकधी सुटकेसाठी प्रार्थना करावी लागते. १९व्या शतकात इझमीरचे रब्बी खाइम पलाजी यांनी तर घरच्यांनी असं मागू नये, बाहेरच्यांनी मागितलं तर चालेल असा निर्णय दिला. सगळ्या रब्बींना हे मान्य नाही, आणि हे फक्त प्रार्थनेपुरतं, मरण लवकर यावं म्हणून काही करणं त्यांच्यात सक्त मना आहे.

तेव्हा मैत्रिणीसमोर हा विषय काढू नकोस गं, तिने बरं होण्याचीच आशा धरू दे. तू मनात म्हण की त्यांचा त्रास कमी होऊ दे, कसा ते देवावर सोड. तिला मेसेज करायचा असेल तर 'रफुआ श्लेमा' लिही, पूर्ण बरं वाटो, कोणीही कोणालाही म्हणतं ते.