बासमतीच्या रोपाला वासच नाही

गच्चीवाला_नाशिक: रोपवाटिकेतून ‘बासमतीचं रोप, भातात पान टाका’ असं सांगून लांब पात्यांचं रोप दिलं. गच्चीवर दिवसभर उन्हात ठेवलंय, पाणी बोअरचं. पानांची टोकं करपतायत आणि पान कितीही चोळलं तरी वास नाही. माझ्या गळ्यात केवडा तर नाही ना मारला?

कुडाळची_काकी: आधी पानाच्या कडेवरून बोट फिरवा, जपून. केवड्याच्या दोन्ही कडांना काटे असतात, पाठीमागच्या शिरेलाही. याच्या कडा गुळगुळीत, अगदी टोकाशी काय ते बारीक दात. गुळगुळीत असेल तर रोप बरोबर आहे, चोळणं चुकतंय. हिरवं पान चोळून फारसा वास येत नाही. कापा, जरा मलूल होऊ द्या, गाठ मारा आणि भाताच्या आधणात सोडा. वाढताना काढून टाका. पान घ्यायचं ते खालचं, जून. मधला कोंब खुडू नका.

आमच्याकडे हे न्हाणीच्या मागे, सांडपाण्यावर, माडांच्या सावलीत माजलंय. त्याला कोणी खतही घालत नाही. तुमच्या गच्चीवरचं दुपारचं ऊन त्याला सोसणार नाही. सकाळचं कोवळं ऊन पुरे. माती सतत ओलसर हवी, पण कुंडीत पाणी तुंबता कामा नये. बोअरचं पाणी खारट असेल तर टोकं त्यानेही करपतात, पावसाचं साठवलेलं घाला. आणि नाशिकची थंडी! डिसेंबरात कुंडी घरात घ्या, पाणी कमी करा, खत बंद. तेव्हा ते वाढणार नाही, वाढवायचा हट्टही करू नका.

बुडाशी पिल्लं फुटतात. त्यांना स्वतःची मुळं आली की वेगळी लावा. याला सहसा फूलच येत नाही, मग बी कुठून येणार? ऑनलाइन ‘बिया’ विकणाऱ्यांना एक पैसा देऊ नका.

प्रयोगशाळेतला: काकींचं बरोबर. वासाचं द्रव्य २-असेटिल-१-पायरोलिन, बासमतीत आणि आंबेमोहोरात असतं तेच. या पानातही ते असल्याचं १९८३ साली दाखवलं गेलं. पानं वाळवून डब्यात भरू नका, वास उडतो. जास्त झाली तर फ्रीझरमध्ये ठेवा.

सिंगापूरकर: काकी, उन्हाबद्दल थोडं वेगळं सांगतो. इथे हे ‘पांदान’ भर उन्हातही छान वाढतं, कारण हवा बारा महिने दमट. नाशिकच्या कोरड्या हवेत मात्र सावलीच बरी. इथे नारळाच्या दुधातल्या भातात, केकमध्ये, सगळीकडे पांदान. टॅक्सीवाले गाडीतही जुडी ठेवतात, झुरळं येत नाहीत म्हणे. माझ्या स्वयंपाकघरातल्या झुरळांना हे कोणी सांगितलेलं नाही.

गच्चीवाला_नाशिक: कडा गुळगुळीत आहेत! कुंडी पूर्वेच्या जिन्यात आणली. पान कापून ओट्यावर ठेवलंय. घरात फक्त कोलम आहे, चालेल का? की बासमती आणू?

कुडाळची_काकी: कोलमच घ्या. बासमतीत हे पान टाकायचं म्हणजे साखरेत गूळ.