रंग म्हणे आपल्या रक्तात!

रीळवाला:
"भारतीय माणसाला कृष्णधवल फोटो भावतच नाही, रंग आपल्या रक्तात आहे," असं सदाफुली यांनी काल लिहिलं. वाचून डोकं उठलं. रंगीत फोटो काढणारे छायाचित्रकार रघुबीर सिंग साधारण हेच म्हणायचे, माहितीये. पण भोपाळची वायुदुर्घटना, १९८४ आठवा. मातीत पुरलं जाणारं तेच बाळ रघू राय यांनी कृष्णधवल टिपलं, पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. दोघंही भारतीयच ना? आमच्या घरात तर रक्ताचा प्रश्नच नव्हता. उटीच्या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म मिळायची, कृष्णधवल. माझ्या मुंजीचे रंगीत फोटो मोजून बारा, तेही मामांनी मस्कतहून रीळ आणलं म्हणून. आधी रीळ, मग आवड.

सदाफुली:
भोपाळचं उदाहरण देऊन तोंड बंद करू नका. मी रोजच्या फोटोंबद्दल बोलतेय. हॅम्बुर्गला नोव्हेंबरात चारला अंधारतं. पैठणीतला फोटो दाखवला तर इथली मैत्रीण म्हणते, फिल्टर लावलास का? नव्हता हो लावला! जर्मनीतलेच फोटोग्राफर बेखर पतीपत्नी, पाण्याच्या टाक्यांचे फोटो काढायला मुद्दाम ढगाळ दिवस निवडायचे. आपल्याकडे ढग आले की फोटोग्राफर कॅमेरा पिशवीत घालतो. आता खरं सांगते, बारा वर्षांनी मलाच साताऱ्याहून आलेले लग्नाचे फोटो भडक वाटतात.

काळीसावळी:
रंगांवर एवढं भांडताय, मग कातडीच्या रंगाचं बोला की. ताईचा 'दाखवायचा' फोटो स्टुडिओवाल्याने इतका गोरा केला, की पाहुणे चहा पिताना म्हणाले, "फोटोत उजळ दिसत होती." उजेड-हवेचा हा कुठला भूगोल?

अंधारखोली:
तीस वर्षं स्टुडिओ चालवला, म्हणून बोलतो. चेहरा उजळवायला निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायची हौस नव्हती आम्हाला. "जरा उजळ करा हो," हे मुलीची आईच कानात सांगायची. नाही केलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात.

काळीसावळी:
म्हणजे दोष आईचा! पैसे मोजून घेताना आठवली नाही वाटतं आई?

अंधारखोली:
टचिंगचे वेगळे पैसे कधीच घेतले नाहीत. उगाच आरोप नकोत.

रीळवाला:
मंडळी, धागा कुठे चाललाय? सदाफुलीताई, ढगांचं मान्य. बारा वर्षांत तुमचं 'रक्त' बदललं, अभिनंदन! पुढच्या वेळी रक्ताऐवजी 'हवा' म्हणा.

सदाफुली:
हवा तर हवा. मामांचं मस्कतही भूगोलातच येतं बरं का.

काळीसावळी:
हवा राहू द्या. फुकट गोरं करत होता म्हणजे उपकारच केलेत की, काका!