अनुभव धागा: लोझानचा क्रीडा अभ्यासदौरा करून आलेल्यांसाठी

क्रीडाव्यवस्थापन, कायदा, फिजिओथेरपी किंवा पत्रकारिता शिकताना ज्यांनी स्वित्झर्लंडमधल्या लोझानचा अभ्यासदौरा केला आहे, त्यांनी इथे लिहावं. सरोवर किती सुंदर होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुठल्या दारातून आत गेल्यावर काय समजतं, जाण्याआधी काय वाचून जायला हवं आणि मुलं कुठे अडतात, हे लिहिलंत तर पुढच्या तुकडीच्या कामी येईल.

क्रीडाव्यवस्थापन, दुसरं वर्ष

सुरुवात 'लोझानच का' इथून करतो, कारण हे न कळता गेलं तर सगळा दौरा नुसत्या इमारती बघण्यात जातो. आधुनिक ऑलिंपिकचे जनक पिएर द कुबेर्तँ यांनी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं मुख्यालय 1915 मध्ये इथे आणलं. युरोपात महायुद्ध पेटलेलं होतं आणि स्वित्झर्लंड तटस्थ होता. पण एवढ्या संघटना पुढे इथेच का जमल्या, याचं उत्तर स्विस नागरी संहितेच्या कलम 60 मध्ये सापडतं. उद्देश, साधनं आणि रचना सांगणारी लेखी घटना असली की संघटनेला कायदेशीर अस्तित्व मिळतं, त्यासाठी साधारणपणे वेगळी नोंदणी लागत नाही. आपल्याकडे साधं क्रीडा मंडळ काढायचं तरी किमान सात सभासद, 1860 चा संस्था नोंदणी कायदा आणि वर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. ही तुलना डोक्यात ठेवून गेलात की तिथली माणसं 'असोसिएशन' म्हणतात तेव्हा नेमकं काय म्हणतात ते कळतं.

विदी भागात सरोवराजवळ मेझाँ द्यू स्पोर अँतरनॅस्योनाल हे संकुल आहे. 2006 साली सुरू झालेल्या या संकुलात कित्येक आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघांची कार्यालयं शेजारी-शेजारी आहेत. बाहेरून पाहिलं तर आयटी कंपनीची इमारत वाटेल. तिथे जाताना 'तुमचं काम काय' असा मोघम प्रश्न नेऊ नका. महासंघाची घटना आणि शेवटचा वार्षिक आर्थिक अहवाल त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवा आणि त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून विचारा. उदाहरणार्थ, ऑलिंपिकच्या वाट्यातून आलेली रक्कम चार वर्षांच्या हिशेबात कशी वाटून दाखवली आहे? हा प्रश्न ऐकला की समोरचा माणूस सादरीकरण बाजूला ठेवतो आणि खरं बोलायला लागतो.

ऑलिंपिक हाउस, म्हणजे ऑलिंपिक समितीचं नवं मुख्यालय, 23 जून 2019 ला उघडलं. आतला ओक लाकडाचा गोल जिना सगळे बघतातच. पण तिथे विचारण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: जुनी इमारत पाडताना तिचं 95 टक्क्यांहून जास्त साहित्य पुन्हा वापरलं किंवा पुनर्वापराला दिलं गेलं, आणि गरम-थंड करण्यासाठी सरोवराचं पाणी वापरतात. स्टेडियम व्यवस्थापनाचा प्रकल्प करणाऱ्यांनी हा भाग नीट टिपून घ्यावा.

कायदा, चौथं वर्ष

खेळातले वाद सोडवणाऱ्या क्रीडा लवाद न्यायालयाबद्दल (CAS) लिहिते. ते आता पाले द बोलियूमध्ये आहे, 2022 पासून. पहिला गैरसमज असा की तिथे जाऊन सुनावणी बघता येते. नाही येत. सुनावण्या गोपनीय असतात. शिस्तभंगाच्या प्रकरणात खेळाडूनं मागितली तरच उघड सुनावणीचा विचार होतो. चिनी जलतरणपटू सुन यांगची 2019 ची सुनावणी उघड झाली, ती मॉन्त्रो या दुसऱ्या गावात. म्हणून भेटीत तुम्हाला खोल्या, कामकाजाची माहिती आणि प्रश्नोत्तरं एवढंच मिळतं. यातली प्रश्नोत्तरं सर्वांत मोलाची, आणि ती वाया जातात ती तयारी नसल्यामुळे.

तयारी अशी करा. न्यायालयाच्या संकेतस्थळावर निवाड्यांचा संग्रह मोफत आहे. त्यातले दोन निवाडे पूर्ण वाचा, बातम्या नव्हे. आपली धावपटू दुती चंदचं प्रकरण घ्या. जुलै 2015 च्या अंतरिम निवाड्यानं महिला खेळाडूंच्या टेस्टोस्टेरॉनविषयीचे नियम स्थगित केले. त्यासोबत दक्षिण आफ्रिकेची धावपटू कास्टर सेमेन्याचा 2019 चा निवाडा घ्या. दोन्ही शेजारी ठेवले की पुराव्याचं ओझं कुणावर होतं आणि दुसऱ्या वेळी महासंघानं वेगळा काय पुरावा आणला, ते आपोआप दिसतं. सेमेन्याचं प्रकरण पुढे युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढे गेलं. जुलै 2025 मध्ये त्या पीठानं सांगितलं की स्विस संघीय न्यायालयानं तिच्या प्रकरणाची हवी तितकी काटेकोर छाननी केली नाही.

आता अपिलाची यंत्रणा, कारण मुलं इथेच घसरतात:

महासंघाच्या नियमात वेगळी मुदत दिलेली नसेल तर निर्णय हातात पडल्यापासून 21 दिवस. बातमी आली त्या दिवसापासून नाही. निर्णय मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायचं. अपिलाच्या अर्जासोबत आव्हान दिलेल्या निर्णयाची प्रत, काय मागणी आहे ते, आपल्या पसंतीचा लवाद आणि या न्यायालयाला अधिकार देणारा महासंघाचा नियम, हे सगळं जोडावं लागतं. 1,000 स्विस फ्रँक शुल्क भरावं लागतं आणि ते परत मिळत नाही. सविस्तर बाजू मांडायला मूळ मुदत संपल्यावर आणखी 10 दिवस मिळतात. सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे प्रतिवादी चुकीचा धरणं. निर्णय आंतरराष्ट्रीय महासंघाचा आणि अपील फक्त राष्ट्रीय महासंघाविरुद्ध, असं झालं तर बाजू कितीही भक्कम असली तरी हाती काही लागत नाही.

आणखी एक गोष्ट अनेकांना तिथे गेल्यावरच उमगते. ऑलिंपिकच्या वेळी यजमान शहरात तात्पुरता विभाग बसतो, 1996 च्या अटलांटापासून. तो पॅरिसमध्ये बसो की टोकियोत, कायद्याच्या दृष्टीनं लवादाचं स्थान लोझानच राहतं. म्हणून त्या निर्णयाविरुद्धची दाद स्विस संघीय न्यायालयात, आणि तेही लोझानमध्येच, मों रेपो बागेजवळ. तिथे दाद मागायची कारणं फार थोडी आहेत: लवाद नीट नेमला नाही, बाजू ऐकून घेतली नाही, सार्वजनिक धोरणाला धक्का बसला, अशा प्रकारची. निकाल चुकला एवढं पुरत नाही.

भारतात 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानं क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली आहे. त्याच्या अधिकारांची आणि लोझानच्या अधिकारांची सीमा कुठे आखली आहे, हा प्रश्न पुढच्या तुकडीनं नक्की घेऊन जावा. प्रबंधाला पुरेल एवढा मोठा विषय आहे तो.

शारीरिक शिक्षण, कोल्हापूर

वर विनेश फोगाटचा उल्लेख राहिला, म्हणून लिहितो. जागतिक कुस्ती महासंघ लोझानमध्ये नाही. तो कोर्सिए-स्यूर-वेव्हेला आहे, वेव्हे स्टेशनच्या जवळ. रेल्वेनं थोडा वेळ लागतो, पण कुस्तीच्या गावातून आलेल्यांनी हा अर्धा दिवस काढावाच.

नियम असा होता: स्पर्धा दोन दिवसांची, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन. त्यात नापास झाला तर मल्ल स्पर्धेतून बाद आणि क्रमवारीत शेवटचा, आदल्या दिवशी कितीही कुस्त्या मारल्या असल्या तरी. पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेशचं वजन 7 ऑगस्ट 2024 ला 50 किलोच्या वर 100 ग्रॅम भरलं. 14 ऑगस्टला क्रीडा लवाद न्यायालयात तिचं अपील फेटाळलं गेलं. आधी फक्त निकाल आला, कारणं मागून आली. ती कारणं वाचताना एकच गोष्ट शोधा: नियमात सवलतीची जागा होती का? ग्रॅमचीही सूट लिहिलेली नव्हती, आणि नियमात नसलेली सूट लवादाला देता येत नाही. तालमीत वजन उतरवणारी पोरं रोज पाहणाऱ्यानं हा निवाडा वाचलाच पाहिजे. पाणी तोडून उतरवलेलं वजन खाल्ल्या-प्यायल्यावर रात्रीत किती परत येतं, याचं गणित वस्तादाला येत नसेल तर पोराला त्या गटात उतरवू नये, असं माझं ठाम मत आहे.

फिजिओथेरपी, शेवटचं वर्ष

उत्तेजक चाचणीची स्विस प्रयोगशाळा एपालँजला आहे, एम-दोन मेट्रोच्या वरच्या टोकाच्या क्र्वाझेत स्टेशनच्या बाजूला. आत सोडतीलच असं धरून चालू नका. नमुने हाताळतात तिथे बाहेरच्या माणसाला मज्जाव असतो, आणि असायलाच हवा. लघवीचा नमुना घेण्याची पद्धत मात्र प्रात्यक्षिकात समजून घेता येते. ती अशी.

खेळाडू सीलबंद भांड्यांमधून स्वतः एक निवडतो. साबण न लावता नुसत्या पाण्यानं हात धुतो. त्याच लिंगाच्या अधिकाऱ्याच्या नजरेसमोर नमुना देतो. किमान 90 मिलिलिटर हवं. कमी पडलं तर ते तात्पुरतं सील करून ठेवतात आणि पुढचं त्यात मिळवतात. मग खेळाडू किट निवडतो, त्यात अ आणि ब अशा दोन बाटल्या. आधी ब मध्ये किमान 30, मग अ मध्ये किमान 60 मिलिलिटर. थोडं भांड्यात ठेवायचं, कारण त्यावर विशिष्ट गुरुत्व, म्हणजे नमुना किती दाट आहे ते, मोजतात. 90 ते 150 मिलिलिटरच्या नमुन्याला रिफ्रॅक्टोमीटर या मोजयंत्रावर 1.005 तरी हवं; 150 किंवा जास्त असेल तर 1.003 चालतं. झाकण फिरवताना कट्‌कट् आवाज येतो, तो थांबेपर्यंत फिरवायचं. एकदा बसलं की तोडल्याशिवाय उघडत नाही.

गडबड होते ती पाण्यामुळे. लवकर सुटका व्हावी म्हणून खेळाडू घटाघटा पाणी पितो, नमुना पातळ होतो, विशिष्ट गुरुत्व भरत नाही आणि पुन्हा नमुना द्यावा लागतो. तासन्‌तास जातात. फिजिओनं खेळाडूला आधीच बजावून ठेवावं: घोटघोट प्यायचं, आणि बाटली सीलबंद असेल तरच हातात घ्यायची.

फॉर्मवर मागच्या 7 दिवसांतली औषधं लिहावी लागतात. आपल्याकडची मुलं आयुर्वेदिक चूर्ण, प्रोटीन पावडर, सर्दीची गोळी लिहीत नाहीत, कारण त्यांना ते 'औषध' वाटत नाही. सगळं लिहायचं, कंपनीच्या नावासकट. प्रयोगशाळेत बाटलीवर फक्त क्रमांक पोचतो, नाव नाही. नमुना 10 वर्षांपर्यंत जपून पुन्हा तपासता येतो.

ठावठिकाण्याचा नियमही घोटून घ्या: चाचणीसाठी नोंदवलेल्या गटातल्या खेळाडूनं रोज पहाटे 5 ते रात्री 11 यामधला एक 60 मिनिटांचा वेळ आणि जागा कळवायची. 12 महिन्यांत तीन चुका झाल्या तर नियमभंग, शरीरात काही सापडलेलं नसलं तरी.

पत्रकारिता

लोझानच्या सरोवराकाठच्या उशी (Ouchy) भागातल्या ऑलिंपिक संग्रहालयात सगळे जातात, त्याच्या शेजारच्या ऑलिंपिक अभ्यास केंद्रात फार थोडे. संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढं बघून बेत आखा. अभ्यास केंद्रासाठी आधी ईमेलनं वेळ घ्या आणि हवी ती कागदपत्रं कळवून ठेवा. प्रत्येक ऑलिंपिकचे अधिकृत अहवाल डिजिटल रूपात घरबसल्याही मिळतात, ते आधीच चाळून गेलात तर तिथला वेळ न छापलेल्या कागदांना देता येतो.

हेलसिंकी 1952 च्या अहवालात खाशाबा जाधवांना शोधायचं तर नावानं शोधू नका. जुन्या अहवालांत आपल्या नावांची स्पेलिंग कशीही पडलेली असतात. फ्रीस्टाइल, बँटमवेट, 57 किलो असं शोधा. फेऱ्यांचे तक्ते वाचताना ध्यानात ठेवा की तेव्हा दोषगुणांची पद्धत होती. जिंकूनही दोषगुण पडू शकत आणि ठरावीक दोषगुण झाले की मल्ल बाद होई. आजची बाद फेरी डोळ्यासमोर ठेवली तर तो तक्ता लागतच नाही. त्याच शोधात लंडन 1948 चं पानही काढा. तिथे ते फ्लायवेटमध्ये सहावे होते. गोळेश्वरच्या या माणसाचे चार वर्षांचे दोन तक्ते शेजारी ठेवून पाहणं, हे कुठल्याही काचेच्या कपाटापेक्षा जास्त सांगून जातं.

नीरज चोप्रानं 2022 ला 89.08 मीटर आणि 2023 ला 87.66 मीटर फेकून जिंकलेलं मैदान, पाँतेजचं स्टेडियम, चढावर आहे. सामना नसेल तर दुरूनच बघावं लागेल.

प्रवासाची व्यवस्था पाहणारी

शेंगेन व्हिसा जास्तीत जास्त सहा महिने आधी मागता येतो, किमान 15 दिवस आधी मागावाच लागतो. परीक्षेच्या मोसमात अर्ज द्यायला भेटीची वेळ मिळत नाही, त्यामुळे तुकडीनं दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. शुल्क प्रौढांना 90 युरो. विमा किमान 30,000 युरोंचा, राहण्याचे सगळे दिवस झाकणारा. मुक्काम ज्या देशात सर्वांत जास्त, त्याच देशाकडे अर्ज. दौऱ्याला मिलान किंवा पॅरिस जोडताना रात्री मोजा, नाहीतर अर्जच चुकीच्या खिडकीवर जातो.

सामानात तूप, पेढे, खव्याचं काही नको. युरोपाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत. सुकी चटणी, मेतकूट, दूध न घालता केलेल्या तेलातल्या दशम्या चालतात. भिंतीतला सॉकेट खोलगट षटकोनी असतो. मोबाइलची बारीक दोन पिनांची खुंटी बसते, लॅपटॉपची आपली जाड तीन पिनांची बसत नाही. 'युरोप अॅडॅप्टर' म्हणून मिळणारा गोल जाडा अॅडॅप्टरही त्या खळग्यात जात नाही. स्विस पद्धतीचाच मागून घ्या.

रविवारी बहुतेक दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळीच ब्रेड, दही, फळं आणून ठेवा. लोझानच्या हॉटेलात किंवा वसतिगृहात उतरलात तर शहरातल्या बस-मेट्रोचं कार्ड मुक्कामापुरतं मिळतं, ते दिलं नाही तर मागा. शहर उभ्या चढावर आहे. एम-दोन मेट्रो चालकाशिवाय धावते, आणि रबरी चाकांवर धावते ती या चढामुळेच. नकाशावर दहा मिनिटांचं दिसणारं अंतर चालायला वीस लागतात. दोन भेटींमध्ये तासभर ठेवा.

क्रीडाव्यवस्थापन, पहिलं वर्ष

एक भर घालतो. अहमदाबादला 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा मिळालेल्या असताना आणि 2036 च्या ऑलिंपिकचा विचार चाललेला असताना विद्यापीठाजवळची व्होर्टेक्स ही गोल इमारत बघाच. जानेवारी 2020 च्या युवा हिवाळी ऑलिंपिकचं क्रीडाग्राम तिथे होतं. इमारत मुळातच विद्यार्थ्यांच्या राहण्यासाठी आखलेली होती, स्पर्धा मध्ये आल्या आणि गेल्या. खेळाडूही दोन तुकड्यांत बोलावले होते, त्यामुळे खाटा कमी लागल्या. स्की जंप आणि बायथलॉन सीमेपलीकडे फ्रान्समध्ये तयार असलेल्या जागी घेतले, नवीन बांधलं नाही. आत गोल फिरत छतापर्यंत जाणारी उताराची वाट आहे. त्या वाटेवर बाहेरच्या बाजूला खोल्यांची दारं आणि दारांपाशी मुलांच्या चपला-बूट.